गळ्यातला बुद्ध

हॅलो? … हो आई, मीच, सोहेई. … आवाज असा येतोय कारण मानेला पट्टा बांधलाय. हनुवटी हलवायची नाही. … मफलर नाही गं, पट्टा. इस्पितळातून बोलतोय.

… अगं ऐक ना. आधी बस. … बसलीस?

दुकानात गिऱ्हाइकाला वाकून माफी मागितली, आणि दोन्ही हात एकदम बधिर. तसाच खाली बसलो. … गिऱ्हाईक? त्याला वाटलं, मी फारच मनापासून माफी मागतोय. खूश होऊन गेला.

… फोटो काढला. मानेचं दुसरं हाड. त्याच्या वरचा खुंट लहानपणापासून सुटाच आहे. जुळलाच नाही. … डॉक्टर उनो म्हणाले, एक झटका पुरे. … कशाला पुरे, ते नाही सांगितलं. पाणी प्यायले. मीही विचारलं नाही.

… कुठलं म्हणजे? अस्थी वेचताना आपण सगळ्यांत शेवटी चॉपस्टिकने उचलतो ना, बसलेल्या बुद्धासारखं दिसणारं हाड… हो, हो, गळ्यातला बुद्ध. तोच. माझ्या बुद्धाचं डोकं वेगळं आहे.

… आई? … हॅलो? … रडतेस का?

… काय? बाबांच्या बुद्धाला? … डोकं नव्हतं? … आणि तुला वाटलं, उचलताना तुझ्या हातून मोडलं? … अकरा वर्षं? कुणालाच बोलली नाहीस?

… थांब. आई, थांब. बाबा न्हाणीत नुसते घसरले आणि गेले ना? साधं टेंगूळसुद्धा नव्हतं…

…

हं. माझ्याही आत्ताच ध्यानात आलं. तोच एक झटका.

… तू नाही मोडलंस. सुटंच होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला आहे का. मी ऐटीत नाही म्हणालो.

… माफी मागायला वाकू नकोस गं फोनवर. कपाळ टेबलावर आपटलेलं ऐकू येतं.

… ऑपरेशन. दोन स्क्रू. उद्या सकाळी. … नव्हतो करणार सही. … भीती वाटते म्हणून! कागद तासभर समोर पडलाय. नर्स तीनदा येऊन वाकून नमस्कार करून गेली. मला वाकता येत नाही, मी नुसत्या पापण्या मिटतो.

… स्क्रू जळत नसतील, राखेत सापडतील. … कोण उचलणार म्हणजे? तू नाही उचलायचे. आपल्या घरात वयाप्रमाणे नंबर पाळायचा. आधी मी तुझा बुद्ध उचलणार. … हो, हो, हलक्या हाताने.

… सही? … मान हलवता येत नाही, म्हणून तोंडाने सांगतो. हो.

… आता ठेवतो. … अगं, अजून एकच हात चालतोय, आणि त्यात फोन आहे.