काकांसाठी खास भाव

बेकरीवाला : काकू, लोक भाव कमी करा म्हणून भांडतात. तुम्ही वाढवा म्हणून भांडताय?

काकू : भांडणारच. तुमचा क्रीमरोल बारावरून वीसवर गेला आणि ह्यांनी रागाने सोडला. दोन वर्षं डॉक्टर ओरडत होते, त्यांचं नाही ऐकलं! आता संध्याकाळी काकडी खातात. का, तर स्वस्त आहे. रक्तातली साखर दोनशे ऐंशी होती, ती एकशे साठवर आली.

बेकरीवाला : आणि माझी विक्री निम्म्यावर. म्हणून तर काल परत बारा केला.

काकू : पुढच्या आठवड्यात तपासणी आहे हो. साखर चढली तर रोजचं इंजेक्शन मागे लागेल. सुई नुसती बघितली तरी ह्यांना घेरी येते. मला खरंच भीती वाटते. तुम्ही सगळ्यांना बाराला विका, ह्यांना तेवढा पंचवीस सांगा.

बेकरीवाला : अहो, बाराची पाटी लावलीय समोर!

काकू : ती माझ्या पिशवीत आहे.

बेकरीवाला : काकू! ...अरे देवा, काका आलेच.

(काकू पावाच्या रॅकमागे दडतात.)

काका : काय रे, क्रीमरोल उतरला म्हणे? दोन बांध.

बेकरीवाला : पं... पंचवीस, काका.

काका : दोनचे ना?

बेकरीवाला : एकाचे.

काका : आत क्रीम भरतोस की सोनं? ठेव तुझ्यापाशीच! मी टेकडीपलीकडच्या बेकरीत जातो.

बेकरीवाला : लांब आहे, काका. रिक्षा बोलावू?

काका : रिक्षेला पैसे घालू? पाय दिलेत देवाने!

बेकरीवाला : गेले तरातरा. या बाहेर, काकू. पण तुमचा बेत फसला. तिकडे कालपासून दहालाच मिळतो.

काकू : ह्यांना तीसला मिळेल. सकाळीच सांगून आलेय.

बेकरीवाला : टेकडी चढून?

काकू : मग काय उडून? अजून गुडघे बोलताहेत. ही घ्या तुमची पाटी.

बेकरीवाला : बिचारे काका. रिकाम्या हाताने परत येणार.

काकू : येऊ देत. जाऊन येऊन चार किलोमीटर होतात. डॉक्टरांनी तीनच सांगितलेत.

बेकरीवाला : एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ सांगायचं ना, अहो, खाऊ नका म्हणून.

काकू : चाळीस वर्षं सांगतेय. फुकट सांगितलेलं कोण ऐकतं?