सगुणाक्काच्या फटफटीची खोड

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर! मंडळी, साल ध्यानात ठेवा. रॉकेलला रांग, साखरेला रांग, आणि त्याच साली आमच्या हिंगणवाडीच्या शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात विकायला काय आलं? बैल नव्हे, म्हैस नव्हे — फटफटी!

थांबा, हसू नका. पेटीवाले, तुम्हीसुद्धा! आजच्या कीर्तनाचा आधी प्रश्न. वस्तूची किंमत ठरते कशावर? करणाऱ्यानं किती जीव ओतला त्यावर? घेणाऱ्याच्या डोळ्यांत किती भरली त्यावर? की विकणाऱ्यानं जे सांगितलंच नाही — त्यावर? हां! आता खांबाला टेकलेले ताठ बसले!

ऐका तर. आमच्या गावात भिकोबा तांबट होता. हातात अशी कला की पितळेचा पत्रा त्याच्या हातोडीखाली लोण्यासारखा वळायचा. त्यानं एक जुनी फटफटी घेतली आणि दहा वर्षं नटवली! टाकीवर तांब्याची वेलबुट्टी. हँडलच्या दोन्ही टोकांना बैलाच्या शिंगांना घालतात तसल्या पितळी शेंब्या. मागं बायकोसाठी पाठ टेकायची रुंद बैठक, आणि तिचं लुगडं चाकात जाऊ नये म्हणून फुलाफुलांची जाळी. आणि समोर, दिव्याच्या खाली — पिसारा फुलवलेला पितळी मोर! नदीकडून भिकोबा निघाला की उन्हात तो मोर असा झळकायचा — पोरीबाळी घागरी टाकून बघायच्या. मीही बघितलाय!

आणि एके दिवशी भिकोबा काविळीनं गेला. आठ दिवसांत गेला.

मागं राहिली सगुणाक्का. मूलबाळ नाही. दीर आला, म्हणाला, "वहिनी, चला आमच्याकडं. दोन भाकरी काय आम्हाला जड नाहीत." बायांनो, तुम्हीच सांगा — असं म्हणणाऱ्याच्या घरी भाकरी मोजली जाते की नाही? जाते! जावेच्या चुलीपुढं जन्म काढायचा? सगुणाक्का म्हणाली, नको! तालुक्याला एक पिठाची गिरणी विकायला होती, बत्तीसशे रुपयांना. तेवढे मिळाले की आपलं घर, आपली गिरणी, आपली भाकरी!

विकण्यासारखं घरात एकच — फटफटी. तालुक्याचा गाडीवाला म्हणाला, "बाई, हे सगळं काढून मूळ रूपात आणा. पितळ मोडीत घाला." मोडीत! दहा वर्षांचा जीव मोडीत! तरातरा परत आली. मग नाना हेडी म्हणाला, "आक्का, बाजारात आणा. मी बैल विकतो, हिलाही शिंगं आहेतच की!"

नाना हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. आणि त्या बाजाराची रीत ठाऊक आहे ना? भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबायची. बघणाऱ्याला दिसतो फक्त हलणारा रुमाल!

तर नानानं रुमाल टाकला. समोर दूधवाला दौलत कारंडे. बोटं दाबली, रुमाल हलला, दोघं गालात हसले. नाना म्हणाला, "आक्का, अठराशे. पक्के झाले."

"अठराशेच म्हणाले?"

"बायांनी विचारायचं नसतं, आक्का. रुमालातलं रुमालात."

मंडळी, सगुणाक्कानं काय केलं असेल? तिनं पुढं होऊन तो रुमालच ओढून काढला! दोघांचे हात उघडे, गुंतलेले, चोरी करताना धरल्यासारखे!

"माझ्या गाडीचा सौदा उघड व्हायचा! ज्याला बोलायचं त्यानं चारचौघांत बोलायचं!"

अहो, बाजार लोटला! म्हशी सोडून माणसं धावली! आक्कानं स्वतः भोंगा वाजवला — प्वाँऽऽ! "ही वेलबुट्टी बघा! ही जाळी बघा! नवी नवरी बसवा, पदराला डाग लागणार नाही!"

"दोन हजार!"

"दोन हजार दोनशे!"

"अरं, बाजूला हो — अठ्ठावीसशे!"

आणि मघाचा अठराशेवाला दौलत कारंडे ओरडला, "चौतीसशे!"

चौतीसशे! सगुणाक्काच्या डोळ्यांपुढं गिरणीचा पट्टा फिरायला लागला. पिठाचा वास यायला लागला! दौलतनं किल्लीसाठी हात पुढं केला...

आणि मागून आवाज आला. "आक्का, खोड सांगा की!"

कोण? धुळा धनगर. गाडी घेणारा नव्हे, नुसता बगलेत कोकरू घेऊन उभा. पण बोलला ते रीतीचं. आमच्या बाजारात दावं हातात देण्याआधी जनावराची खोड सांगावीच लागायची. लाथ मारतं, दूध चोरतं, काय असेल ते.

दौलत हसला, "येड्या, फटफटीला कसली खोड?"

सगळे हसले. एक सगुणाक्का हसली नाही.

कारण तो मोर होता ना... तो शोभेचा नव्हता. दोन वर्षांमागं ओढ्याच्या पुलावर गाडी आपटली, आणि बरोबर हँडलच्या खाली सांगाड्याच्या दांड्याला भेग पडली. भिकोबा म्हणाला होता, "दिवाळीनंतर जोडून घेऊ. तोवर वर मोर बसवतो." ती दिवाळी आली, गेली. मोर तेवढा राहिला.

आता बोलावं तर गिरणी जाते. गेलेल्या नवऱ्याची झाकपाक बाजारात उघडी पडते. आणि गप्प राहावं तर? कुणाला कळतंय? सौदा तर उघडच झाला ना? पण मघाशी रुमाल ओढला कुणी? तिनंच! आणि समोरचा मोर म्हणजे दुसरं काय होतं? पितळेचा रुमाल!

"आहे खोड," ती म्हणाली. "मोराखाली भेग आहे. बोटभर. आमच्या मालकांनी झाकली, आणि मी झाकू दिली."

संपलं! दौलतचा हात मागं. चौतीसशे गेले, अठ्ठावीसशे गेले, गर्दी म्हशींकडं परतली. नाना कपाळावर हात मारून म्हणाला, "आक्का, अहो घडीभर तोंड मिटलं असतं तर!"

राहिला एकटा इलाही मिस्त्री, ट्रकच्या बॉड्या बांधणारा. त्यानं चार स्क्रू काढले, मोर उतरवला, भेगेवर नख फिरवलं.

"बोटभरच आहे. आक्का बोलली तेवढीच. म्हणजे बाकीचंही बोलली ते खरंच असणार. दोन हजार. आणि भाभी, हा मोर तुम्ही न्या. मला तिथं पट्टी जोडायचीय."

दिली किल्ली. मोर पदरात घेऊन चालत घरी आली.

पुढं काय झालं? सांगते. इलाहीनं पट्टी जोडली आणि अकरा वर्षं ती गाडी चालवली. त्याची बेगम त्याच जाळीशेजारी पाय टेकवून बसायची. दौलतनं दुसरीकडून रुमालाखाली गाडी घेतली; तिचं इंजिन पावसाळ्यापर्यंत टिकलं. नाना मरेपर्यंत सांगायचा, "उघडा सौदा मीच सुरू केला!" दीर कधीमधी चहाला यायचा. धुळा धनगराचं कोकरू त्या दिवशी विकलं गेलंच नाही.

आणि सगुणाक्का? दोन हजारांत गिरणी आली नाही. मिरची कांडायचा डंक आला. तेव्हा तिखटात विटेची पूड मिसळायचे दिवस; बाया डंकापुढं ठाण मांडून बसायच्या, नजर हलवायच्या नाहीत. पण सगुणाक्काकडं? सात गावांच्या बाया मिरच्या टाकून निर्धास्त बाजाराला जायच्या! "जिनं भर बाजारात आपली खोड सांगितली, ती आपल्या तिखटात काय घालणार?" सव्वीस वर्षं डंक चालला. आपलं घर, आपली भाकरी.

तो मोर तिनं डंकाच्या दाराशी भिंतीवर लावला होता. मी एकदा मुद्दाम उचलून बघितला. मागं काही नव्हतं. नुसती भिंत.

आता मंडळी, घरी जा, दिवा लावा, देवापुढं बसा. तुमच्याही भिंतीवर मोर असेल. छान झळकत असेल. तेवढा एकदा उचलून बघा — आणि मगच म्हणा, माझ्या रामा, माझा सौदा उघडा!