हैबतराव का पडला

रोह्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात किमया नंबर लावून बसली होती. समोरच्या बाकावर निकेश, परवाच पेणला हैबतरावला पाडून जिंकलेला हेवीवेट बॉक्सर, आणि त्याचे कोच कान्हूकाका.

"दुसऱ्याच राउंडला झोपवलास त्याला, नि तोंड पाडून काय बसलास?"

"काका, व्हिडिओ हळू करून बघा. माझा ठोसा लागायच्या आधीच त्यानं हात खाली घेतले."

"चाळिशी उलटली त्याची. दमला असंल."

"नाय. माझ्या खांद्यामागं बघून हसला. नंतर विचारलं, तर म्हणतो, गुरुजी आलेले. म्हणाले, पुरे, चल आता."

"त्याच्या गुरुजींना जाऊन सहा वर्षं झाली."

"उंच होते? डाव्या हाताला अंगठा नाय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. काल सरावात दिसले."

"माझे पण गुरुजी तेच, निकेश. थट्टा नको."

"म्हणून तर डोळे दाखवायला आलोय."

"आता हायत?"

"व्हय. तुमच्या मागं."

किमयाने त्या बाकामागच्या भिंतीकडे बघायचं टाळलं. कान्हूकाकाही वळले नाहीत.

"काय म्हणतायत?" त्यांनी हळूच विचारलं.

"हैबतरावला म्हणाले, तेच." निकेशने काकांचा हात घट्ट धरून ठेवला.