भावजींचं कुलूप

मंडळी, पावणं, पोरांनो, बसा. मला भाषण येत न्हाय. चौथीतनं शाळा सुटली माझी. पण भावजींच्या शोकसभेला थोरली वहिनी म्हणून उभं केलंय. थोडक्यात सांगते.

भावजी कुलपं करायचे. लोखंडी न्हाय, कॉम्प्युटरची. आपले मेसेज, बँकेतला पैसा, सगळं त्या कुलपात असतंय म्हणे. मी भाकरी थापताना इचारलं, "कसलं वो कुलूप?" म्हणाले, "वहिनी, ज्वारीचं आन् तांदळाचं पीठ एकत्र मळा. मळलं? आता वेगळं करून दावा." दोन मोठ्या आकड्यांचा गुणाकार असाच. करायला सोपा, फोडायला जन्म जातोय.

पण आता क्वांटम कॉम्प्युटर येतोय. म्हटलं, "त्ये सगळ्या किल्ल्या एकदम लावून बघतंय व्हय?"

"न्हाय वहिनी, सगळे हितंच चुकत्यात. रंकाळा तळ्यात दोन दगड टाका. लाटा कुठं जिरत्यात, कुठं चढत्यात. तशी त्यात चुकीची उत्तरं जिरत्यात, बरोबर तेवढं वर येतंय."

ती मशिन मोठी झाली की आजची लई कुलपं फुटणार. चोर आत्ताच बंद पेट्या उचलून ठेवत्यात, पुढं उघडू म्हणून. भावजी त्या मशिनीलाबी न फुटणारी कुलपं करत हुते.

आणि केलंच की! आपल्याच लॅपटॉपला. आत पोरीचं सगळं लहानपण हाय, भावजींचा आवाज हाय. पासवर्ड त्यांच्या डोक्यात, आणि माणूस बसल्या जागी गेला. त्यांची बायको सुनीता, ही बघा पुढं बसलीय. मला म्हणते, "अक्का, ती मशिन आली की उघडंल?" काय सांगू? तुझ्याच नवऱ्यानं ती वाट बुजवलीय म्हणून?

परवा दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना. घाटावर एकेक जण पुढं येतोय. "पोरीला शिकवतो." "आईला सांभाळतो." "गाडी इकत न्हाय." मनात काय ऱ्हायलं हुतं, कुणाला म्हाईत? शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी आलो, तर लॅपटॉपपुढं तेच! ह्यो म्हणतोय पोरीचं नाव घाल, त्यो म्हणतोय गाडीचा नंबर. आता थोडेच डाव उरल्यात. ते चुकले की आतलं सगळं पुसतंय, तसंच करून ठेवलंय त्यांनी. सुनीता त्याला हातबी लावंना आणि त्याच्याफुडनं उठंना.

तवा अंदाज पुरे. चहा पितानाबी तिला काय सुचवू नका. भावजींनी कुणाला खरंच सांगितलं असंल, त्यानं उठावं.

कोण न्हाय?

मग सगळेच उठा. आणि भावजींसाठी गप उभं ऱ्हावा.