बोललेली पेज

गोंदियाच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर पुष्पांजली बसली होती. आत तिची आई होती. पेजेचा गंज घेऊन आलेल्या म्हातारीचं आणि शेजारच्या बाईचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"घ्या जी, तांदळाची पेज आहे."

"कोन्या संस्थेकडून आल्या?"

"नाई जी. दवनीवाड्याची शांतीबाई मी. नवस आहे माहा."

"कायचा?"

"माही रेणू याच वॉर्डात होती. नागऱ्याच्या महादेवाले बोलली होती मी, पोरगीले घरी आन, मी वर्षभर दर सोमवारी इथल्या लोकाइले पेज पाजीन."

"मंग, बरी आहे ना आता?"

"दिवाळीच्या आधी गेली."

"अन् तुमी नवस फेडून राहिल्या? देवानं त शब्द नाई ठेवला."

"त्यानं कुठं देल्ला होता जी? बोलली त मीच होती."

"राग नाई येत त्याचा?"

"येते ना. पेज शिजेपर्यंत भांडतो त्याच्यासंग. मंग गंज उचलतो अन् बस धरतो."

"एवढं होऊनही भरोसा आहे?"

"नसता त कोनासंग भांडली असती?"

शेजारच्या बाईनं पेज घेतली. शांतीबाईनं पुष्पांजलीपुढे गिलास धरला.

"तुहं कोन आहे आत?"

"आई."

"देवाले काही बोलली का?"

"अजून नाई."

"झेपन तेवढंच बोलजो, माय. मंग एकटीलेच करा लागते."