शोभेचा कॅमेरा

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात मावशी बाकावर बसल्या होत्या. शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं त्यांना ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

“ऐन लग्नात बंद पडला?”

“घरच्यांच्या फोटोच्या वेळी. नवरीच्या आजीला दोघांनी धरून उभं केलं होतं.”

“मग हा गळ्यातला दुसरा वापरायचास.”

“हा गेल्या वर्षीच गेलाय. नुसता शोभेला घालतो. दोन दिसले की लोक निर्धास्त होतात.”

“मला नाही सांगितलंस. त्यांना तरी सांगितलंस?”

“सगळे हसून उभे होते गं.”

“म्हणजे फोटो काढलेच नाहीस?”

“काढल्यासारखं केलं. आजीला नीट दिसत नाही. सारखी विचारत होती, निघाला का, निघाला का.”

“आणि आवाज?”

“कसला?”

“बटण दाबल्याचा.”

“तोंडाने काढला.”

तेवढ्यात दुरुस्तीवाल्याने काउंटरवर बटण दाबून दाखवलं. टक.

“झाला बघा तुमचा. तो गळ्यातला ठीक आहे ना?”

बायकोने नवऱ्याच्या गळ्यातला पट्टा काढला आणि तो कॅमेरा काउंटरवर ठेवला.

“ह्याचा आवाज तोंडाने काढावा लागतो.”