भिंतीपलीकडचं सासर

अरे यार, नोएडात सासर नुसतं जवळ असून भागत नाही, रस्ताही असावा लागतो! माझ्या बहिणीचं सासर आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून. पण मधे गेट नाही, म्हणून हायवेवरून यू-टर्न घेऊन जायचं. पाठवणीला आई ढसाढसा रडली, गाडी गेली. आई डोळे पुसतेय, तोच भिंतीपलीकडून, स्वागताच्या तयारीसाठी आधीच घरी गेलेल्या विहीणबाईंची हाक: "अहो, उंबऱ्यावर ठेवायला माप सापडत नाहीये, तुमचं द्या ना!"

आईनं स्टुलावर चढून तांदळानं भरलेलं माप दिलं. तेवढ्यात बहिणीचा फोन: "आई, आम्ही अजून यू-टर्नच्या जाममध्येच!"

विहीणबाई म्हणाल्या, "मापाबरोबर मुलगीही भिंतीवरूनच द्यायची होतीत!"